कॅपाडोशिया-कोन्याची ट्रिप आखताय? आधी शनिवार धरा

दरवर्षी मे महिन्याच्या आणि दिवाळीच्या सुट्टीआधी मला ओळखीतल्या कुणाचा तरी मेसेज येतो, की विमानाची तिकिटं काढली, हॉटेल पण झालं, आता तिथे काय काय बघायचं ते सांग. मी तारखा बघते तर कोन्या मंगळवारी, बलून शेवटच्या दिवशी पहाटे, आणि त्याच दुपारी कायसेरीहून परतीचं विमान. म्हणजे ज्या दोन गोष्टींसाठी, गरम हवेच्या बलूनची सफर आणि कोन्यातला गिरक्या घेणाऱ्या दरवेशांचा (सूफी फकिरांचा) विधी, एवढे पैसे घालून जाताय त्या दोन्ही हुकायची पूर्ण सोय करून ठेवलेली असते. मी पहिल्यांदा गेले तेव्हा अगदी हेच केलं होतं. शेवटच्या पहाटे वारा सुटला, उड्डाण रद्द झालं, आई-बाबांना घेऊन एअरपोर्टच्या गाडीत बसताना बाबा काहीच बोलले नाहीत आणि तेच मला जास्त लागलं. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा उलट्या क्रमाने आखलं आणि सगळं जमलं, म्हणून तो क्रम इथे नीट लिहून काढतेय.

हे सगळं तुर्कस्तानातल्या कॅपाडोशिया आणि कोन्या एवढ्याच पट्ट्याबद्दल आहे, इस्तंबूलबद्दल वेगळं बघा. मध्य अनातोलियातला हा भाग पाच-सहा दिवसांत चांगला होतो, त्यापेक्षा कमी असतील तर दोन्हीतलं एकच करा.

१. कॅलेंडर घ्या आणि शनिवारावर खूण करा

कोन्यात मेवलाना कल्चरल सेंटर म्हणून मोठं सभागृह आहे, सूफी कवी रूमीच्या (तिथे त्याला मेवलाना म्हणतात) समाधीपासून साधारण किलोमीटरभर. तिथे दर शनिवारी संध्याकाळी सेमा होतो, म्हणजे आपण ज्याला गिरक्या घेणारे दरवेश म्हणतो तो विधी. मंगळवारी कोन्यात गेलात तर समाधी दिसेल, शहर दिसेल, पण सेमा बहुतेक दिसणार नाही. म्हणून पहिली खूण शनिवारची, बाकी सगळे वार त्याच्या मागे-पुढे बसवायचे.

माझा चालणारा साचा असा आहे: सोमवारी रात्री किंवा मंगळवारी पहाटे इस्तंबूल, मंगळवारी संध्याकाळपर्यंत कॅपाडोशिया, बुधवार-गुरुवार-शुक्रवार अशा तीन पहाटा तिथे, शुक्रवारी उशिरा कोन्या, शनिवार पूर्ण कोन्या आणि रात्री सेमा, रविवारी सकाळी चाताल्होयुकची प्राचीन वस्ती किंवा सरळ परत. परतीचं आंतरराष्ट्रीय विमान सोमवारच्या आधी घेऊ नका.

डिसेंबरचा विचार असेल तर गणित बदलतं. रूमीचं निधन १७ डिसेंबर १२७३ चं, आणि त्या रात्रीला तिथे शेब-इ-आरूस म्हणतात, म्हणजे मीलनाची रात्र, आणि त्याच्या आधीचे दहा दिवस कोन्यात उत्सव असतो. सेमा त्या दिवसांत रोज होतो पण तिकिटं आणि हॉटेलं दोन्ही लवकर संपतात, आणि वर कॅपाडोशियात थंडी-वाऱ्याने बलून बरेच दिवस जमिनीवरच असतात. दोन्ही हवं असेल तर डिसेंबर नको.

तपासा: तुमच्या तारखांमध्ये रमजान किंवा दोन्हीपैकी एखादी ईद येतेय का ते आधी बघा. ईदेच्या सुट्टीत अख्खा तुर्कस्तान गावाला निघालेला असतो, बसेस आणि रेल्वे भरलेल्या, आणि पहिल्या दिवशी सकाळी बरीच म्युझियम्स बंद. रमजानमध्ये सेमाची वेळ इफ्तारनुसार सरकू शकते, म्हणून त्या आठवड्याची वेळ सेंटरच्या साइटवर परत एकदा बघायची.

२. मग तीन पहाटा राखून ठेवा

बलून उडणार की नाही हे कंपनी ठरवत नाही. तिथल्या नागरी विमान वाहतूक खात्याकडून रोज पहाटे वाऱ्यानुसार परवानगी येते, आणि नाही आली तर सगळ्याच कंपन्यांचे बलून खाली. म्हणून जास्त पैसे देऊन मोठी कंपनी घेतली की उड्डाण नक्की, हा समज डोक्यातून काढा. खात्री वाढवायचा एकच मार्ग, हाताशी पहाटा जास्त ठेवणे.

बुकिंग नेहमी पहिल्या पहाटेचं करा. पोचलात मंगळवारी, तर बुधवारचं. रद्द झालं तर गुरुवार, तेही झालं तर शुक्रवार. लोक म्हणतात पहिला दिवस दमलेले असतो, आराम करू, बलून शेवटी निवांत करू. निवांतपणा विमानात करा हो, बलून आधी उरका.

पैसे भरायच्या आधी कंपनीला किंवा हॉटेलवाल्याला चार गोष्टी व्हॉट्सॲपवर लेखी विचारा: वाऱ्यामुळे रद्द झालं तर पूर्ण पैसे परत की फक्त तारीख बदलून, टोपलीत किती माणसं, हवेतला वेळ किती (साधारण एक तास असायला हवा), आणि विमा आहे का. दुसऱ्या ट्रिपला एका एजंटने आम्हाला फोनवर होहो म्हटलं होतं, नंतर म्हणाला रिफंड नाही, पुढच्या वेळी याल तेव्हा वापरा. पण तेच व्हॉट्सॲपवर लेखीही घेतलं होतं, म्हणून पैसे सुटले.

टोपलीचं एक सांगायचं राहून जातं सगळ्यांचं. तिला दार नसतं. बाजूला पाय ठेवायला खाचा असतात, त्यात पाय टाकून छातीएवढ्या उंच कडेवरून आत उतरायचं. गुडघे दुखणाऱ्या आई-बाबांना हे आधी सांगा, स्टाफ हात देतो पण मनाची तयारी पाहिजे. उतरताना गुडघे वाकवून, आतल्या दोऱ्या धरून, पाठ टेकवून बसायचं असतं, ते पायलट आधी करून दाखवतो तेव्हा व्हिडिओ काढत बसू नका. गरोदर बायकांना आणि अगदी लहान मुलांना घेत नाहीत, वयाची अट बुकिंगलाच विचारा.

मेमध्ये तिथे सूर्योदय साडेपाचच्या आसपास होतो, म्हणजे गाडी चारच्या सुमाराला दारात. नोव्हेंबरच्या सुरुवातीला सूर्य सातनंतर उगवतो, तेव्हा झोप जरा जास्त मिळते पण संध्याकाळी पावणेसहालाच अंधार पडतो, त्यामुळे दिवाळीत जाणाऱ्यांनी दिवसाची ठिकाणं एकाने कमी करा. आणि मे असो की जून, पहाटे जाकीट लागतंच, हा हजार मीटरच्या वरचा पठारी भाग आहे.

सावधान: उड्डाण रद्द झालं तर हॉटेलच्या रिसेप्शनवर भांडू नका, त्याच मिनिटाला उद्याची जागा मागा. रद्द झालेले सगळेच दुसऱ्या दिवशीच्या रांगेत येतात.

३. व्हिसा, तिकिटाच्या आधी

भारतीय पासपोर्टवाल्यांची इथेच सगळ्यात जास्त गडबड होते, कारण नेटवर "तुर्कीचा ई-व्हिसा पाच मिनिटांत" असं सगळीकडे लिहिलेलं असतं. तो ई-व्हिसा आपल्याला सरसकट मिळत नाही. अमेरिका, ब्रिटन, आयर्लंड किंवा शेंगेन देशाचा चालू व्हिसा नाहीतर तिथला रेसिडन्स परमिट हातात असेल तरच मिळतो, एकदा प्रवेशाचा आणि ३० दिवसांचा. तो आधाराचा व्हिसा तुर्कस्तानात उतरायच्या दिवशी चालू असायला हवा, आणि दुसऱ्या देशाचा ई-व्हिसा आधार म्हणून चालत नाही. हे तीन मुद्दे अर्ज भरतानाच वाचा.

यातलं काही नसेल तर साधा स्टिकर व्हिसा, अधिकृत व्हिसा सेंटरमधून, बँक स्टेटमेंट, इन्कम टॅक्स रिटर्न, हॉटेल बुकिंग, विमा वगैरे सगळं जोडून. त्याला वेळ लागतो, म्हणून निदान दोन महिने आधी सुरुवात करा आणि तोपर्यंत रद्द करता येणारीच बुकिंग्ज ठेवा.

सावधान: ई-व्हिसाच्या नावाने सरकारी साइटसारख्या दिसणाऱ्या कितीतरी साइट्स आहेत, त्या वरून फी घेतात आणि कधी कधी अर्जच करत नाहीत. अधिकृत साइटचा पत्ता शेवटी "गव्ह डॉट टीआर" असाच असतो. पासपोर्टची मुदत उतरायच्या दिवसापासून सहा महिने तरी उरलेली असू द्या. आणि निघायच्या आधी आपल्या परराष्ट्र मंत्रालयाची तुर्कस्तानबद्दलची प्रवास सूचना एकदा वाचून घ्या.

४. पोचायचं कसं

कॅपाडोशिया हे कुठल्या एका गावाचं नाव नाही, तो अख्खा प्रदेश आहे. ही एक गोष्ट नीट न कळल्याने लोक चुकीच्या गावाची तिकिटं काढतात. विमानतळ दोन: नेवशेहिर, कॅपाडोशियातल्या गोरेमे गावापासून साधारण ४० किलोमीटर, आणि कायसेरी, साधारण ७५ किलोमीटर. कायसेरीला फ्लाइट्स जास्त असतात, नेवशेहिर जवळ. दोन्हीकडून गोरेमेपर्यंत शटल गाड्या आहेत पण त्या आधी बुक कराव्या लागतात, हॉटेलवाले करून देतात, फ्लाइट नंबर पाठवायचा.

इस्तंबूललाही दोन विमानतळ आहेत आणि ते शहराच्या दोन टोकांना, चक्क दोन खंडांत. मुंबईहून तुम्ही युरोपच्या बाजूच्या मोठ्या एअरपोर्टवर उतरणार आणि पुढचं स्वस्त तिकीट आशियाच्या बाजूच्या साबिहा गोकचेनवरून काढलं असेल, तर मध्ये अख्खं इस्तंबूल पार करायचं, ट्रॅफिकसकट. वाचलेले पैसे टॅक्सीत जातात. तिकिटावरचा विमानतळाचा तीन अक्षरी कोड वाचा, फक्त "इस्तंबूल" एवढं वाचून पुढे जाऊ नका.

रात्रीच्या बसनेही जाता येतं, अकरा-बारा तास. बसच्या तिकिटावर शेवटचा थांबा गोरेमे आहे की नेवशेहिर ओतोगार ते बघा. ओतोगार म्हणजे बस स्टँड. बऱ्याच बसेस नेवशेहिरलाच सोडतात, तिथून पुढे कंपनीची छोटी गाडी फुकट सोडते, तिला "सर्व्हिस" म्हणतात. उतरलात की कुणी टॅक्सीवाला "गोरेमे, गोरेमे" करत आला तरी आधी बसच्या काउंटरवर जाऊन "गोरेमे सर्व्हिस?" विचारा.

५. राहायचं कुठे

थोडक्यात सांगते. गाडी नसेल तर गोरेमे, कारण टूरच्या गाड्या, दोल्मुश (आपली शेअर जीप समजा), बस स्टँड सगळं चालत जाण्याच्या अंतरावर. शांतता हवी आणि पैसे जास्त असतील तर उचिसार. कुटुंब मोठं आणि ड्रायव्हरसकट गाडी असेल तर उर्गुप किंवा आवानोसही छान. तिन्ही रात्री एकाच हॉटेलात राहा, गुहेतलं हॉटेल बदलून बदलून बघायचा हट्ट नको, कारण बलूनची तारीख सरकली की सगळं पिकअप परत सांगत बसावं लागतं.

बुक करताना विचारा: खोली खरंच दगडात कोरलेली आहे की नुसती दगडी भिंत, खिडकी आहे का (कोरलेल्या खोल्या कधी कधी दमट आणि बिनखिडकीच्या असतात, दम्याच्या माणसाला त्रास होतो), आणि वर किती पायऱ्या. लिफ्ट गृहीत धरू नका.

६. कॅपाडोशियाचे दिवस कसे लावायचे

इथे टूरना रंगांची नावं आहेत. रेड टूर म्हणजे उत्तरेकडचं: गोरेमे ओपन एअर म्युझियम (दगडात कोरलेली जुनी चर्च), उचिसारचा किल्ला, पाशाबाग, देवरेंत, आवानोस. ग्रीन टूर म्हणजे दक्षिणेकडचं: देरिनकुयू किंवा कायमाकलीचं जमिनीखालचं शहर, इहलारा दरी, सेलिमे. माझं मत: रेड टूर घेऊ नका, ती ठिकाणं जवळ आहेत, स्वतः करा, आणि ग्रीनचे पैसे द्या कारण इहलारा गोरेमेपासून लांब आहे, सार्वजनिक वाहनाने दिवस मोडतो.

पहिला दिवस (बलूननंतर). परत येऊन नाश्ता, दोन तास झोप, आणि मग ओपन एअर म्युझियम दुपारी तीननंतर. सकाळी दहा ते दोन तिथे टूरच्या बसेसची जत्रा असते. बलून रद्द झाला असेल तर मात्र उघडताक्षणी गेटवर हजर राहा, मग गर्दी लागत नाही. गोरेमे गावातून दीड किलोमीटर, चढ आहे पण चालत जमतं.

इथल्या दोन चुका बहुतेक सगळे करतात. पहिली, कारानलिक किलिसे, म्हणजे अंधारं चर्च, याचं तिकीट वेगळं आहे म्हणून सोडून देतात. सोडू नका. खिडकी जवळपास नाहीच, उजेड आत न शिरल्यामुळे भिंतींवरचे रंग टिकलेत. आत गेल्यावर एक मिनिट नुसतं उभं राहा, डोळे सरावू द्या, मग वर घुमटात निळा दिसायला लागतो आणि मग चेहरे. बाहेरच्या उघड्या चर्चमध्ये तेच चेहरे डोळे खरवडलेले दिसले होते, त्यामुळे इथे ते शाबूत डोळे आपल्याकडे बघतायत हे जास्तच जाणवतं. आत फोटो काढायला बंदी आहे, मोबाइल खिशात.

दुसरी चूक, गेटमधून बाहेर पडताना तिकीट फेकून देतात. तोकाली किलिसे, इथलं सगळ्यात मोठं चर्च, गेटच्या बाहेर आहे, उताराने गावाकडे थोडंसं खाली आलं की रस्त्याच्या पलीकडे, आणि तेच तिकीट तिथे लागतं. दहाव्या शतकातली चित्रं, गडद निळ्या पार्श्वभूमीवर. लोक समोरून चालत जातात आणि त्यांना कळतही नाही.

दुसरा दिवस, ग्रीन टूर. देरिनकुयू साधारण ८५ मीटर खोल आहे, लोकांना त्यातले आठ मजले बघता येतात. खाली गार असतं, बारा-तेरा डिग्री, म्हणून उन्हाळ्यातही एक शाल. काही भुयारांत कमरेत वाकून एकामागे एक चालावं लागतं, आणि समोरून दुसरा ग्रुप आला की मध्येच थांबायचं. बंद जागेची भीती असणाऱ्यांनी, गुडघे-पाठीचं दुखणं असणाऱ्यांनी पहिल्या दोन मजल्यांवरून परत फिरावं, त्यात कमीपणा काही नाही, धान्याची कोठारं आणि तबेले तिथेच दिसतात. आत जात्याच्या तळीसारखे मोठे गोल दगड भिंतीच्या खाचेत उभे केलेले दिसतील, ती दारं आहेत. ती फक्त आतल्या बाजूने ढकलून लावता येतात आणि मध्ये भोक असतं. त्या भोकाला डोळा लावून बाहेरचं भुयार बघा, लपलेली माणसं काय बघत असतील ते लगेच समजतं.

इहलाराला मुख्य प्रवेशातून जवळपास ४०० पायऱ्या उतरायच्या असतात. टूरवाले सहसा एका ठिकाणी खाली उतरवून पुढे नदीकाठाने तीन-चार किलोमीटर चालवून दुसरीकडे बाहेर काढतात, म्हणजे त्याच पायऱ्या परत चढाव्या लागत नाहीत. पण हे बुकिंगच्या वेळी विचारून घ्या, आई-बाबा सोबत असतील तर नक्कीच.

तपासा: टूरच्या कार्यक्रमात दुकानं किती आहेत? गालिचा, ऑनिक्स, दागिने यांच्या "डेमो"मध्ये दोन तास जातात. दुकानं नकोत असं सांगून टूर मिळते, थोडी महाग पडते, तरी घ्या. मात्र आवानोसच्या कुंभारांकडे वेगळे जा, सावकाश. किझिलिर्माक म्हणजे तांबडी नदी, तिचीच तांबडी माती वापरतात, आणि चाक पायाने फिरवतात. आमच्या आईने चाकावर हात ठेवला तेव्हा त्या म्हाताऱ्या कुंभाराने तिची बोटं धरून मातीत अंगठा किती दाबायचा ते दाखवलं, भाषा दोघांची वेगळी पण काही अडलं नाही. ती वेडीवाकडी वाटी अजून आमच्या देवघरापाशी आहे.

तिसरा दिवस, शुक्रवार. बलून अजून झाला नसेल तर पहाटे तो. नंतर पायी एक दरी, गुव्हेर्जिनलिक म्हणजे कबुतरांची दरी, उचिसारहून खाली गोरेमेपर्यंत साधारण चार किलोमीटर, उतार. सूर्यास्तासाठी किझिलचुकुर ही दरी चांगली, ती आधीच्या एखाद्या संध्याकाळी उरका. ऑफलाइन मॅप आधी डाउनलोड करा, दरीत नेटवर्क जातं. इथला दगड मऊ, वरून बारीक कच सुटलेली, गुळगुळीत तळाचे बूट घसरतात.

म्युझियम पासचं, म्हणजे बऱ्याच ठिकाणांना मिळून चालणाऱ्या एकाच तिकिटाचं, एकच: तो पहिल्या गेटवर स्कॅन झाला की मुदत सुरू होते, म्हणून उतरल्या उतरल्या हौसेने वापरायला सुरुवात करू नका. आधी कुठली कुठली ठिकाणं बघणार त्याची यादी करा, त्यांच्या तिकिटांची बेरीज पासच्या किमतीपेक्षा जास्त होत असेल तरच घ्या. आणि दर कुणाच्या जुन्या व्हिडिओतून घेऊ नका, लिराचे भाव इतके पळतात की वर्षापूर्वीचा आकडा निरुपयोगी असतो.

७. जेवण, शाकाहारी असाल तर हा भाग नीट वाचा

शाकाहारी माणूस तिथे उपाशी राहत नाही, पण फसतो. कारण "भाजीचं" म्हटलं तरी त्यात मटणाचं पाणी असू शकतं आणि देणाऱ्याला त्यात काही चुकीचं वाटत नाही.

मेरजिमेक चोर्बासी म्हणजे मसुरीच्या डाळीचं सूप, बघायला आपल्या वरणासारखं, पण कधी कधी मटणाच्या पाण्यात शिजवतात. पिलाव कोंबडीच्या पाण्यात असू शकतो. कुरू फासुल्ये, राजम्यासारख्या पांढऱ्या घेवड्याची उसळ, त्यात मटणाचे तुकडे येऊ शकतात. आणि कोन्यात एक खास सापळा आहे, बाम्या चोर्बासी, भेंडीचं सूप. बारीक वाळवलेल्या भेंड्या, आंबटसर, मेनूवर भेंडी वाचून आपला जीव खुलतो, पण त्यात मटण असतंच.

म्हणून चार वाक्यं मोबाइलमध्ये लिहून ठेवा. "एत येमियोरुम", मी मांस खात नाही. एवढ्यावर थांबू नका, कारण एत म्हटलं की काहींच्या डोळ्यासमोर फक्त लाल मांस येतं. पुढे जोडा "तावुक, बालिक दा येमियोरुम", कोंबडी-मासेही नाही. आणि सुपासाठी "एत सुयू वार मी?", मटणाचं पाणी आहे का. मागवताना "एतसिझ", बिनमांसाचं.

बिनधास्त चालणारं: झेयतिन्याली या नावाखाली येणाऱ्या भाज्या, ऑलिव्ह तेलात शिजवून गार वाढतात. ग्योझलेमे, लाटून तव्यावर भाजलेली पोळी, आत चीज, बटाटा किंवा पालक, बायका समोर बसून लाटतात, आपल्याला एकदम घरचं वाटतं. पेयनिर्ली पिदे, चीज घालून भाजलेला लांबट पाव. सिमित, तीळ लावलेला गोल कड्यासारखा पाव. अंडं चालत असेल तर मेनेमेन, टोमॅटोतली अंडी. दुकानातली चीय क्योफ्ते, नाव कच्च्या मांसाचं असलं तरी दुकानात मिळते ती दलियाची, बिनमांसाची. आणि आयरान, म्हणजे आपलं खारं ताकच, ते प्रत्येक जेवणाबरोबर. चीजमधल्या रेनेटबद्दल (दूध गोठवायला वापरतात तो प्राणिज पदार्थ) काटेकोर असाल किंवा जैन जेवण लागत असेल तर खाकरे, मेतकूट, चटण्या असं निदान दोन वेळचं सोबत ठेवा.

नळाचं पाणी पिऊ नका. पैशाचं म्हणाल तर रुपये नेऊन उपयोग नाही, युरो किंवा डॉलर न्या आणि एअरपोर्टवर थोडेच बदला, बाकी गावातल्या दोविझ म्हणजे एक्स्चेंजच्या दुकानात. एटीएमने "तुमच्या चलनात रूपांतर करू का" विचारलं तर नको म्हणा आणि लिरातच काढा. आपला दोन गोल पिनांचा चार्जर तिथे चालतो, तीन पिनांचा नाही.

८. कोन्याला जाताना

गोरेमेहून बसने साधारण तीन तास, स्वस्त आणि आरामशीर. पण चार-पाच जण असाल तर शुक्रवारी ड्रायव्हरसकट गाडी करा आणि ग्रीन टूर वेगळी घेऊच नका: गोरेमेहून देरिनकुयू, मग इहलारा, मग सुलतानहानी, मग कोन्या. एकाच खर्चात प्रवास आणि बघणं दोन्ही. सुलतानहानी ही १२२९ मधली कारवांसराई, व्यापारी तांड्यांचा मुक्काम, आणि बसने गेलात तर ती हुकते. हे करायचं तर सकाळी आठला निघालंच पाहिजे, आणि त्या दिवशी बलून शिल्लक असता कामा नये. दोन्ही एकाच दिवशी कोंबलं तर इहलाराच्या पायऱ्यांवर मंडळी बसून राहतात, आमची राहिली होती.

९. कोन्यातला शनिवार

सकाळी लवकर मेवलाना म्युझियम, हिरव्या घुमटाखाली रूमीची समाधी. प्रवेश फुकट, त्यामुळे यासाठी पास घेऊ नका. दरवेशांचे मठ १९२५ मध्ये बंद झाले आणि १९२७ मध्ये हे म्युझियम म्हणून उघडलं, पण येणारी माणसं दर्शनालाच येतात, हात जोडल्यासारखे उघडून उभी असतात, डोळे भरलेले. आपण दर्ग्यात वागतो तसं वागायचं. खांदे-गुडघे झाकलेले, बायकांनी ओढणी डोक्यावर, बुटांवर प्लॅस्टिकची पिशवी चढवायला देतात. समाधीपुढे सेल्फी नको.

मग चालत रूमीचा गुरू शम्स तबरीझी याची मशीद, लोक ती विसरतात. पुढे अलाउद्दीन टेकडीजवळ कारातायचा मदरसा, १२५१ चा, निळ्या-काळ्या टाइल्सचा घुमट, आणि इंजे मिनारेली हा दुसरा मदरसा, त्याच्या दगडी दारावरचं कोरीव काम बघायला तरी जाच. दुपारी झोप काढा. हे गंमत म्हणून लिहीत नाहीये, सेमा संथ असतो आणि दमलेला माणूस तिथे पेंगतो.

तपासा: सेमाचं तिकीट शुक्रवारपर्यंत हातात, वेळ परत एकदा बघितलेली, आणि सुरू व्हायच्या अर्धा तास आधी खुर्चीत.

काय होतं ते आधी माहीत असलं तर खूप फरक पडतो. सुरुवातीला गाणं आणि नेय म्हणजे बासरी, कोणीच फिरत नाही, लोक इथेच चुळबूळ करतात. मग काळे झगे घातलेले दरवेश तीन फेऱ्या सावकाश चालतात, एकमेकांना वाकून नमस्कार. मग काळा झगा उतरतो. तो झगा म्हणजे थडगं, आतला पांढरा घोळ म्हणजे कफन, डोक्यावरची उंच टोपी म्हणजे थडग्यावरचा दगड. मग फिरणं, चार भागांत, उजवा तळवा वर, डावा खाली. आम्ही पुढून दुसऱ्या रांगेत होतो, आणि संगीत हळू झालं की मऊ चामडी बुटांचा लाकडावर घासल्याचा आवाज येत होता, आणि घोळ जवळून गेला की गार वारा गालाला लागत होता. बाबा पूर्ण तासभर हलले नाहीत.

सावधान: टाळ्या वाजवू नका, मध्येही नाही आणि शेवटीही नाही, ती प्रार्थना आहे. फ्लॅश बंद. शेवटी कुराणपठण होतं तेव्हा उठून दाराकडे जायचं नाही.

शनिवार कितीही करून जमतच नसेल तर आवानोसजवळ सारुहान म्हणून १२४९ ची कारवांसराई आहे, तिथे संध्याकाळी सेमा होतो. हॉटेलातल्या जेवणाबरोबरच्या "दरवेश शो"पेक्षा ते कितीतरी बरं.

१०. परतीचा रविवार

वेळ असेल तर सकाळी चाताल्होयुक, कोन्यापासून गाडीने तासाभरात. नऊ हजार वर्षांपूर्वीची वस्ती, गल्ल्याच नाहीत, माणसं छपरावरून चालायची आणि शिडीने घरात उतरायची. बस थेट दारात जात नाही, टॅक्सी जाऊन-येऊन ठरवा आणि थांबायचा वेळ आधी बोलून घ्या.

इस्तंबूलला परतायला हाय स्पीड ट्रेन सगळ्यात छान, पाच तासांच्या आसपास. तिकिटं फार आधी उघडत नाहीत आणि उघडली की रविवारची पटकन संपतात, म्हणून निघायच्या आधीच्या काही आठवड्यांत रोज बघत राहा, पासपोर्टवर आहे तसंच नाव टाका. ट्रेन आधी आशियाच्या बाजूला थांबते, आणि तुमचं मुंबईचं विमान युरोपच्या बाजूने. मध्ये निदान तीन तास धरा आणि वर विमानतळावरचे तीन, म्हणजे सोमवारचं न घेता रविवारी रात्रीचंच विमान घेतलं असेल तर चाताल्होयुक सोडून सकाळचीच ट्रेन पकडा.